टर्बो इंजिनचा कॅमशाफ्ट अकाली झिजलाय का, कसं ओळखाल?

गाडीचा पिकअप पडला आणि स्लोवर इंजिन थरथरू लागलं की सगळ्यांचा पहिला संशय टर्बोवर जातो. मग इंजेक्टर, मग कॉइल. हे सगळं बदलूनही दोष जागच्या जागी असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दोष होता कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात, आणि त्यावरचं टॅपेट कव्हर मात्र कुणी उघडलेलंच नव्हतं. मालकाचा पैसा असा वाया गेलेला पाहवत नाही. म्हणून महागाचे भाग बदलण्याआधी या क्रमाने तपासा.

सुरुवात आवाजापासून. कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमवर एका लोबची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्याची) टकटक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात वेळा ऐकू येईल. स्टार्ट केल्यावर काही सेकंदांत ती थांबली तर बहुधा हायड्रॉलिक टॅपेटमधलं (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागातलं) ऑइल उतरलं होतं. इंजिन गरम झाल्यावरही टिकली तर पुढे जा. आवाज नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. लोबचं नाक (उंच टोक) झिजलं तरी पाठ (मागची गोल बाजू) शाबूत राहते आणि टॅपेटचा गॅप पाठीवरच मोजतात. त्यामुळे गॅप बरोबर असूनही व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, असं होऊ शकतं.

आता स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एखादा मिसफायर (सिलिंडर नीट न पेटल्याचा) कोड आला, शेवटचा आकडा सिलिंडरचा, तर त्या सिलिंडरची कॉइल आणि प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहा. मिसिंग जागा सोडत नसेल तर इंजेक्टर तपासा, आणि तोही बरा निघाला तर दोष इंजिनच्या आत शोधा. पी००१६ (कॅम आणि क्रँकचा मेळ चुकल्याचा कोड) आला तर आधी टायमिंग चेन पाहा.

मग लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते पाहणं. माझ्या मते खरा उलगडा इथेच होतो. या टेस्टमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि झिजलेल्या लोबचा व्हॉल्व्हही बंद नीटच होतो, फक्त कमी उघडतो. म्हणून सिलिंडर हवा नीट धरतो, प्लग, कॉइल, इंजेक्टर ठीक आहेत आणि तरी तो जोर देत नाही, तर लोबवर दाट संशय घ्या. एक्झॉस्टचा लोब झिजला असेल तर जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही. इनटेक उघडताच तो उलटा येतो आणि मॅनिफोल्डमध्ये फटफट होते. टर्बोला वायू कमी मिळतो, बूस्ट उशिरा येतो आणि बोल टर्बोला लागतो.

कव्हर थंड इंजिनवरच उघडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर मॅन्युअलप्रमाणे इंधनाचा दाब आधी उतरवा; त्या लाइनमध्ये शंभराहून जास्त बारचा दाब असू शकतो. चेनच्या पोकळीवर स्वच्छ फडकं टाका, प्लग काढा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा.

प्रत्येक लोब पुसून टॉर्चखाली पाहा. नाकावरून नख फिरवा. नुसता गुळगुळीत चकचकीत पट्टा असेल तर घाबरू नका. नख अडकलं, खड्डे दिसले, कडेला धार लागली किंवा नाक चपटं झालं असेल तर लोब गेला. डोळ्यावर विसंबू नका, मोजा. डायल गेजचं टोक थेट लोबच्या पाठीवर टेकवून शून्य करा आणि कॅमचा एक पूर्ण फेरा, म्हणजे क्रँकचे दोन फेरे, फिरवा. टोक टॅपेटवर टेकवलं तर हायड्रॉलिक टॅपेट दबून आकडा चुकतो. इनटेकची तुलना इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी करा. समजा बाकीचे ९.० मिमी देतात आणि एकच ८.३, तर गुन्हेगार सापडला. शेवटचा शब्द मॅन्युअलमधल्या मर्यादेचा.

टॅपेट चपटा असेल तर त्याच्या तोंडावर पट्टीची कड उभी धरा. मधून उजेड दिसला तर तो खोलगट झालाय. रोलर असेल तर बोटाने फिरवा, खरखर लागता कामा नये. काही डायरेक्ट इंजिनांत कॅमवर चालणाऱ्या इंधन पंपालाही चपटा फॉलोअर असतो. त्याचा काळा थर जाऊन धातू चमकत असेल तर तो लगेच बदला.

आता कारण शोधा, नाहीतर नवा कॅमही तसाच जाईल. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडा आणि चुंबक फिरवून लोखंडी कण चिकटतात का पाहा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का? पातळी वाढलीय का? इंधन मिसळून ऑइल पातळ झालं की लोबवरचा थर तुटतो. टर्बोच्या उष्णतेने ऑइल जळकट होतं, डिझेलमध्ये काजळी भरते. म्हणून टर्बो गाडीत ऑइल बदलायला केलेला उशीर कॅमलाही भोवतो. गरम इंजिनवर ऑइल प्रेशर साध्या गेजने मोजा आणि कमी आलं तर इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमधली जाळी पाहा.

नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच बसवू नका. लोबना असेंब्ली ल्यूब लावा, कंपनीने मंजूर केलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा आणि रन-इन (नवे भाग एकमेकांना बसण्यासाठी सुरुवातीचं चालवणं) मॅन्युअलप्रमाणे करा. पहिलं ऑइल लवकर बदला, तो फिल्टरही कापून पाहा. त्यात पुन्हा लोखंडी कण चमकले तर गाडी तिथेच थांबवून कव्हर परत उघडा.