लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही? या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. उपाय बहुतेकींना ठाऊक असतो, पण तो अमलात आणताना गाडी अडते.

सर्वांत मोठी चूक चहाची. आशाताईंनी (गावातल्या आरोग्यसेविकेने) दिलेली लोहाची लाल गोळी दुपारच्या चहाच्या घोटाबरोबर घेतली, तर चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि त्यातला मोठा भाग शोषला न जाताच बाहेर पडतो. जेवण संपताच चहा घेणाऱ्या घरांत तर भाजी-भाकरीतल्या लोहाचीही हीच गत होते. म्हणून गोळी जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफीला तिच्या आगेमागे किमान तासभर तरी जागा देऊ नये. कॅल्शियमची गोळीही सोबत चालत असेल, तर ती दिवसाच्या दुसऱ्या वेळेला ठेवावी; दोन्ही एकत्र गिळणे सोयीचे वाटले, तरी कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते.

शौचास काळे होऊ लागले की अनेकजणी घाबरून गोळ्या थांबवतात. हा लोहाचा नेहमीचा परिणाम असून तो निरुपद्रवी आहे. मळमळ किंवा बद्धकोष्ठ असह्य झाल्यास गोळी जेवणाबरोबर घेता येते किंवा डॉक्टरांकडून बदलून घेता येते. हिमोग्लोबिन १२ वर पोहोचताच औषध सोडणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे, कारण शरीरातला लोहाचा साठा भरण्यासाठी साधारणपणे पुढचे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

आहारात बिटाचे कौतुक जरा जास्तच होते. रंग लाल असला तरी त्यात लोह फारसे नसते. हळीव, राजगिरा, डाळी, पालेभाज्या आणि मांसाहारी घरांत मटण किंवा कलेजी यांचा उपयोग कितीतरी अधिक आहे. गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी साबुदाण्यावर भागवतात, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास अवश्य करावा, पण ताटात राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी असावी. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत मात्र बंदच व्हायला हवी, आणि ती बंद करणे हे एकट्या सुनेचे काम नव्हे.

एवढे करूनही आकडा हलत नसेल, तर गोळ्या वाढवण्याआधी कारण शोधावे. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा तासा-दोन तासांना पॅड बदलावे लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. जंत, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) यांचीही शक्यता असते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी टाळू नये, कारण तो आजार लोहाने बरा होत नाही.

मूल हवे असे ठरले, तर दिवस राहण्याची वाट न पाहता आधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक आम्ल सुरू करावे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नलिका नीट बंद होण्यासाठी ते लागते; ही नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.