सरकार कुणाच्या बाजूचं, हे आपल्याच गावाच्या दप्तरात कसं तपासायचं

लोकशाही सरकार गरिबाचं की पैसेवाल्याचं, हा वाद पारावर मिटत नाही. पुरावे दोन्हीकडचे सापडतात. विसापूरच्या वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने राज्यभराचा हक्क झाली आणि तिच्यासाठी पगारदारांकडून व्यवसायकर घेतला गेला. तिथे गरिबाचं मत कामी आलं. पण त्याच मजुरांनी खोदलेल्या पाझर तलावांचा फायदा ज्याची विहीर आणि रान तलावाच्या खालच्या अंगाला होतं त्याला झाला. भूमिहीनाच्या वाट्याला फक्त रोजाची मजुरी आली. अमेरिकेत १,७७९ धोरणांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्रीमंतांच्या मताचं वजन स्पष्ट दिसलं, सामान्य माणसाच्या मताचं जवळपास नाही. त्यामुळे प्रश्न लहान करून घ्या: एक ग्रामपंचायत, एक आर्थिक वर्ष.

ग्रामसेवकाकडे (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी) तीन गोष्टी मागा. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी. केंद्राच्या वित्त आयोगाकडून गावाला येणाऱ्या पैशाचा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या नावाने घरबसल्या दिसतो. दप्तर दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. ‘पाच वर्षांची सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज अडकतो. त्यापेक्षा एका वर्षाच्या नमुना ५ ची पाहणी मागा. पाहणीचा पहिला तास मोफत असतो आणि हवी तीच पानं २ रुपयांना एक या दराने घेता येतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

आता हिशोब. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. समजा घरपट्टी, दिवाबत्ती, गाळेभाडं मिळून ८ लाख जमले. मग अनुक्रमे १,२०,०००, ८०,००० आणि ४०,००० रुपये. हे आकडे अंदाजपत्रकात बहुतेक वेळा बरोबरच असतात, म्हणून तिथे थांबू नका. रोकडवहीत प्रत्यक्ष चेक कधी आणि कुणाच्या नावाने निघाला ते बघा. सगळा खर्च मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पडलेला दिसला तर प्रत्येक वस्तूची पावती मागा. आणि सर्वात मोठी गफलत रस्त्याची. मागासवर्गीय वस्तीच्या नावावरचा काँक्रीट रस्ता त्या वस्तीच्या कडेने जाऊन पुढे कुणाच्या मळ्यावर संपतो का, हे कागदावर कळत नाही. कामांची यादी हातात घेऊन चालत जावं लागतं. प्रत्येक कामासमोर लिहा: रक्कम, लाभ घेणारी घरं, दर घरी किती रुपये. दर घरी आकडा काढला की खरं चित्र उघडं पडतं.

नदीकाठच्या वाळवा-कराडकडच्या गावाची दुष्काळी जत, आटपाडी किंवा माणच्या गावाशी रुपयांत तुलना करू नका, उत्पन्नच वेगळं. उत्पन्नातला किती टक्का कुणावर खर्च झाला ते बघा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला होता, त्यामुळे पाणी मोजल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. यासाठी १० लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरतं. टाकीजवळच्या नळाला बादली किती सेकंदांत भरते आणि शेवटच्या वस्तीच्या नळाला किती, एकाच दिवशी मोजा. शेवटच्या नळाला अडीच मिनिटं लागली तर मिनिटाला ४ लिटर. पाणी रोज ४० मिनिटं येत असेल तर घराला १६० लिटर. ५ माणसांच्या घरात डोक्यामागे ३२. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पण पहिल्या आळीत थेट नळाला मोटार लावलेली असेल तर दोष पाइपलाइनवर ढकलू नका. एक दिवस मोटारी बंद ठेवायला लावून पुन्हा मोजा. फरक मिटला तर तो गावातल्या ताकदीचा प्रश्न, सरकारचा नव्हे. हा भेद करणं फार गरजेचं आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे.

खर्चाइतकीच वसुली बघा, ती बहुतेकजण विसरतात. आकारणी दर ४ वर्षांनी सुधारायची असते. नमुना ८ मध्ये दुमजली आरसीसी बंगला अजून जुन्या कौलारू घराच्या नोंदीवर आहे का? पाणीपट्टी सर्वांना सारखी, समजा १,२०० रुपये असेल, तर ३०० रुपये रोजाच्या मजुराचे त्यात ४ दिवस जातात. बंगल्यालाही तेवढीच. कागदावर समान दिसणारा कर असा गरिबाला जड जातो.

मग ग्रामसभा. गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी संख्या लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. निर्णय श्रीमंतांकडे झुकतात ते बरेचदा इथे: रोजावर गेलेली बाई दोन्ही सभांना नसते, मोकळा वेळ असलेले पंचवीसजण मात्र दुसऱ्या सभेत आराखडा मंजूर करून टाकतात. म्हणून सभेची वेळ संध्याकाळची मागा आणि ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय आधी नोंदवून घ्या. सभेत भाषण नको. दर घरी खर्चाचा तक्ता आणि दोन नळांची मोजणी वाचून दाखवा, ‘शेवटच्या वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवावा’ असा एकच ठराव मांडा. तो तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घेतला का, हे सही करण्याआधी वाचा. कोऱ्या हजेरीपत्रकावर सही करून घरी गेलात तर वर काय लिहिलं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.