कियोज्जा बीटच्या कड्या टिकवायच्या तर

व्हेनिसच्या खाजणाच्या दक्षिण टोकाला कियोज्जा हे मासेमारीचं गाव आहे. आत गुलाबी-पांढऱ्या कड्या असलेलं जुन्या वाणाचं बीट याच नावाने ओळखलं जातं. याच गावाचं नाव एका लाल रॅडिकिओला (कडवट पानांची भाजी) आणि एका खडबडीत सालीच्या भोपळ्यालाही आहे, त्यामुळे बियांचं पाकीट घेताना नुसत्या नावावर न जाता ‘बीट’ लिहिलंय का ते बघा.

या बीटचं सगळं कौतुक कड्यांचं, आणि उकडलं की त्याच फिक्या पडतात. रंग पाण्यात सुटतो, उष्णतेने उडतो. म्हणून ते कच्चंच खावं. साल पातळ काढा, देठ वर ठेवून आडवं कापा (उभं कापलं तर कड्यांऐवजी पट्टे दिसतात) आणि स्लायसरवर १ ते २ मिलिमीटरच्या चकत्या करा. बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवल्या की कुरकुरीत होतात. जास्त वेळ ठेवू नका. फडक्याने टिपून घ्या. मीठ-लिंबू अगदी वाढताना घाला, आधी घातलं तर पाणी सुटून चकत्या लुळ्या पडतात.

शिजवायचंच असेल तर सालीसकट, न चिरता, फॉइलमध्ये गुंडाळून २०० अंश सेल्सिअसवर ४५ ते ६० मिनिटं भाजा. चव गोड येते, कड्या मात्र पुसटच होणार.

लावणार असाल तर एका ‘बी’तून दोन-तीन रोपं येतात, वेळीच विरळणी करून ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर गड्डे बोटाएवढेच राहतात. ५-६ सेंटिमीटर झाले की उपटा, पुढे ते चिवट होतात.