मुलांकडे अमेरिकेला सहा महिने राहायला जाताय? मग हे आधी वाचून घ्या

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी आमचा सात-आठ जणांचा ग्रुप असतो, त्यात दरवर्षी कोणीतरी मुलाकडे नाहीतर लेकीकडे अमेरिकेला निघालेलं असतंच आणि मला प्रश्न ठरलेला, काकू काय काय नेऊ? मी दोनदा टेक्सासात डॅलसजवळ प्लेनोला मुलाकडे सहा-सहा महिने राहून आलेय, त्यावरून सांगते, सामानाचं काय ते होतं हो, तिथे दिवस कसा काढायचा आणि माणसांशी कसं वागायचं ते आधी समजून घ्या.

तरी सामानाचं पटकन सांगून टाकते. चिवडा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त न्या, पण ताजी फळं, भाज्या, बियाणं अजिबात नाही, लेकाला आवडतात म्हणून द्राक्षाचे दोन घड पर्समध्ये टाकले असंही करू नका. कस्टम्सच्या फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं की खायचं काही आहे का, तर सरळ हो म्हणा, फार तर एखादी वस्तू काढून घेतील, लपवलं आणि सापडलं तर दंड. गोळ्या साधारण ९० दिवसांपुरत्याच नेता येतात, त्या मूळ स्ट्रिपमध्ये न्या, आणि डॉक्टरांकडून औषधाचं जेनेरिक नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण तिथे बीपीची गोळीसुद्धा तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. व्हिजिटर इन्शुरन्स काढाच, आणि काढताना आधीपासूनच्या आजाराला किती कव्हर आहे तेवढं नीट वाचा. अजून एक, व्हिसा १० वर्षांचा असला तरी राहायची तारीख विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण ६ महिने देतात, ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवर असते, मुलाला पहिल्याच दिवशी ऑनलाइन बघायला सांगा.

आता घर. बटण वर केलं की चालू, आपल्या उलट. बाथरूममध्ये टब सोडून बाकी जमिनीला पाणी जायला जाळी नसते, त्यामुळे बादली-तांब्या बाहेर नाही, पडदा टबच्या आत घेऊन अंघोळ करायची, नाहीतर पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं. फोडणीचं तर फार जपा. घरं लाकडी असतात म्हणून प्रत्येक घरात स्मोक अलार्म असतो, तेलात मिरच्या-हिंग पडले की तो किंचाळायला लागतो. पुष्कळ अपार्टमेंटमध्ये शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून परत खोलीतच सोडतो, म्हणून आधी खिडकी उघडा, पंखा लावा, गॅस मध्यम ठेवा आणि मग मोहरी टाका. वाजलाच तर अलार्मखाली टॉवेलने वारा घाला, थांबतो, सेल मात्र काढून ठेवू नका.

दुकानात लेबलवर १० डॉलर लिहिलं म्हणजे १० द्यायचे असं नाही, टॅक्स काउंटरवर लागतो. प्लेनोत तो ८.२५ टक्के, म्हणजे १० डॉलर ८३ सेंट, मात्र टेक्सासात तांदूळ, भाजी, दूध यावर टॅक्स नाही. दुसऱ्या राज्यात हिशोब वेगळा, ओरेगनमध्ये तर सेल्स टॅक्सच नाही. तारीख लिहिताना महिना आधी, ४/७ म्हणजे ७ एप्रिल, डॉक्टरची अपॉइंटमेंट असेल तर हे विसरू नका.

टिपचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या बहुतेक आईवडिलांना हे खटकतं, मलाही खटकायचं. टेबलवर येऊन वाढणारं हॉटेल असेल तर १५ ते २० टक्के टिप देतात, आणि मी मुलाला दर वेळी म्हणायचे एवढे कशाला देतोस. मग त्याने सांगितलं की टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचा किमान पगार केंद्राच्या कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि तो १९९१ पासून बदललेला नाही, काही राज्यांनी वाढवलाय पण टेक्सासात तोच चालतो. टिप धरून तासाला ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत तर उरलेले मालकाने द्यायचे असा नियम आहे, तरी त्या वाढणाऱ्या मुलीचं घर आपल्या टिपवरच चालतं ना. तेव्हापासून मी टिपबद्दल एक शब्द बोलले नाही आणि तुम्हीही मुलांशी त्यावरून वाद घालू नका.

आता मुख्य गोष्ट. मुलं सकाळी कामावर जातात आणि दुपार खायला उठते. आपल्याकडे दार उघडं असलं की शेजारीण डोकावते, तिथे न कळवता कोणी येत नाही, आणि ते तुसडे आहेत म्हणून नाही, तुमच्या वेळेला मान देतात म्हणून. म्हणजे हाक आपणच मारायची. सकाळी फिरायला जा, उन्हाळ्यात पारा १०० फॅरेनहाइटला म्हणजे आपल्या ३८ ला जातो म्हणून सातच्या आत. जो समोर येईल त्याला गुड मॉर्निंग म्हणा, कोणी हाऊ आर यू म्हटलं की गुड, हाऊ आर यू, एवढंच, तो नमस्कारच आहे. रोज तीच वेळ ठेवली की पंधरा दिवसांत ओळखीचे चेहरे होतात. जवळची पब्लिक लायब्ररी शोधा, आत बसून वाचायला पैसे लागत नाहीत, बऱ्याच ठिकाणी इंग्रजी बोलायचे वर्ग आणि छोट्यांसाठी गोष्टींचा तास असतो, नातवाला घेऊन जा, तिथे दुसऱ्या आज्या भेटतात. मला तिथेच एक तमिळ आजी आणि एक मेक्सिकन आजी भेटली, तिघींचं इंग्रजी जेमतेम, तरी आमचं छान जमलं.

नातवाला बसवर सोडायला गेलात तर बघा, पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लागले की दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबतात, एका लेकरासाठी अख्खा रस्ता थांबतो, मला दर वेळी भरून यायचं. घराचा पूर्ण पत्ता पाठ करा, काही झालं तर ९११ लावायचा आणि सगळ्यात आधी पत्ता सांगायचा.

आणि चिवड्याची चार-पाच पाकिटं शेजाऱ्यांसाठी वेगळी बांधा, पहिल्या आठवड्यातच मुलासोबत जाऊन देऊन या, फक्त देताना आत शेंगदाणे आहेत हे आधी सांगा, तिथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात.