किनाऱ्यावर जायची वाट गेट लावून बंद केली तर काय करायचं

सगळ्यात आधी एक सांगतो, जागामालकाला किंवा त्याच्या मॅनेजरला "आम्हाला जाऊ द्यावे ही विनंती" असं लेखी काहीही देऊ नका. आमच्या गावात हेच झालं. माडाच्या बागेतून समुद्रावर उतरणारी वाट, बाग विकली गेली, नवीन मालकाने चिऱ्याचा गडगा (कुंपणाची भिंत) घालून गेट लावलं आणि गेटवर वही ठेवली, नाव लिहा सही करा नि जा. कशाला भांडण म्हणून लोकांनी सह्या केल्या. मग वकील म्हणाले की आता समोरचा म्हणणार, हे तर माझ्या परवानगीने जात होते! 1882 च्या ईझमेंट कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा कायदा) 20 वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वापर असेल तर वाटेचा हक्क मिळतो, परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत. आणि वाट अडवल्यापासून 2 वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो, म्हणून "बघू पुढे" करत बसू नका.

भरतीरेषेच्या खालची जमीन सरकारची, सार्वजनिक वाटासुद्धा सरकारच्याच, महसूल संहितेचं कलम 20 बघा. म्हणजे वाळू कोणाची हा वाद नसतोच, वाद असतो तिथवर पोचायचं कसं याचा, त्यामुळे सगळा जोर वाट जुनी आहे हे दाखवण्यावर लावा.

भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा, त्यात तुटक रेषेने वाट दाखवली असेल तर अर्धं काम झालं. सातबाऱ्याचे इतर हक्क बघा, जुने फेरफार बघा, मालकाच्या खरेदीखतातली चतुःसीमा बघा (कधीकधी तिथेच "पश्चिमेस समुद्रावर जाणारी वाट" असं लिहिलेलं असतं आणि मालकाने ते वाचलेलंही नसतं), ग्रामपंचायतीत नमुना 23 ला (रस्त्यांची नोंदवही) रस्त्याची नोंद आहे का विचारा. गेट लागायच्या आधीचे फोटो जमवा. आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब प्रतिज्ञापत्रावर घ्या, वेळ घालवू नका कारण माणसं जातात. आमच्याकडे मासे विकणारी एक आजी म्हणाली, "लगीन होवन इलंय तेवापासून ह्याच वाटेन टोपली घेवन येतंय", ह्या एका वाक्यात 50 वर्षांचा वापर आला. वाटेवरच्या झिजलेल्या पायऱ्यांचा फोटोही मोजायची टेप लावून काढा.

आता अर्ज कुठे. बरेच जण तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज टाकतात, पण ते शेताला बांधावरून रस्ता मिळण्यासाठी आहे, इथे उपयोग नाही. 1906 च्या मामलेदार (म्हणजे तहसीलदार) कोर्ट कायद्याचं कलम 5 बघा, त्यात शेतीबरोबर मासेमारीच्या जागेकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटाही येतात, पण अडथळा आल्यापासून 6 महिन्यांत दावा हवा. सार्वजनिक वाट अडवली म्हणून प्रांतांकडेही जाता येतं, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 ते आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 152 झालंय. मालकाने वाट सार्वजनिक नाहीच याचा भक्कम पुरावा दिला तर मात्र प्रांत थांबतात आणि मामला दिवाणी कोर्टात जातो. बांधकाम किनाऱ्याला लागून असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम) तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी टाका, या अर्जात ती मिसळू नका.

गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी बीचची केस वकिलांना नक्की दाखवा. हॉटेलने वाट अडवली होती, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि समुद्रकिनारा ही सरकारने लोकांसाठी सांभाळलेली ठेव आहे हे तत्त्व लावलं. पण नंतर गोवा सरकारने कायद्यातच बदल करून हॉटेलचं बांधकाम वाचवलं, म्हणून निकाल लागला की झालं असं समजू नका.

गडगा स्वतः पाडू नका प्लीज, गुन्हा दाखल होतो आणि मग केस वाटेची राहतच नाही.

मालकाशी बोलणी जरूर करा, त्याचंही ऐका, पर्यटक बागेत बाटल्या फोडतात, शहाळी काढतात, हे खरंच होतं. वाट हद्दीच्या कडेने न्यायला तयार व्हा, पण ते नोंदणीकृत करारात घ्या आणि त्यात तुमचा जुना हक्क मान्य केलेला हवा, मग सातबाऱ्यावर इतर हक्कात चढवा. रुंदी ठरवताना एका माणसापुरती मोजू नका. रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं) जाळं खांद्यावर घेऊन माणसं ओळीने जातात ती वळणावर अडकतात, तिथेच टेप धरा. आणि गेटला कुलूप नको, भरती पहाटे 3 ला आली तर जाळं घेऊन तेव्हाच उतरायचं असतं.