कोतवाल-कोकीळ शोधायला निघण्यापूर्वी

मे संपता संपता गोव्याकडच्या तांबडी सुर्ल्याला किंवा चोर्ला घाटात जायचं असेल तर पहिली तयारी कानाची. हा कोकीळ वर्षभर काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या कोतवालाच्या वेषात गप्प बसतो, पावसाच्या तोंडावर मात्र बोलतो. पाच ते सात शिट्ट्या, सारख्या अंतरानं, प्रत्येक शीळ आधीपेक्षा किंचित वरची. जिना चढल्यासारख्या, आणि मग एकदम बंद. आदल्या रात्री ही शीळ दहा वेळा ऐकून घ्यावी आणि लगेच पावशाची 'पेर्ते व्हा'ही. चढत दोन्ही जातात, पण पावशा तीन अक्षरांत बोलतो. कोतवालाचा भाऊबंद भृंगराज मात्र बेरकी, दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. म्हणून एका शिळेवर नोंद करू नये. पाच मिनिटं थांबलं की त्याच गळ्यातून भलतेच आवाज निघू लागतात आणि सोंग उघडं पडतं.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापटीची हातात थरथरते आणि दाट झाडीत काळपट दिसते. एसी गाडीतून उतरल्यावर काचा धुरकट होतात, त्यामुळे ती अर्धा तास आधीच पिशवीबाहेर काढावी. सोबत सुती फडकं, झिपची पिशवी आणि पेन्सिल हवी. पेनाची शाई भिजली की वही वाया जाते.

उजाडायच्या आत रानाच्या कडेला पोचावं आणि पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं. उजेड समोरून आला तर शेंड्यावरच्या पक्ष्याची नुसती काळी आकृती दिसते. कॅमेऱ्यात एक ते दीड स्टॉप उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवून ठेवावा, कारण खरी ओळख शेपटीखाली आहे. तिथे आणि कडेच्या पिसांच्या बुडाशी बारीक पांढरे आडवे पट्टे दिसले पाहिजेत. पट्टेच, ठिपके नव्हेत, कारण कोतवालाच्या पिल्लांच्या पोटावरही पांढरं असतं. शेपटीच्या दुभंगावर विसंबू नये, पिसं झडलेला कोतवालही तसाच दिसतो. चोच बघावी: कोकिळाची बारीक, किंचित वाकडी, कोतवालाची जाड, मुळाशी राठ केस. वागणंही निराळं. कोतवाल हवेत झेपावून किडे टिपतो, हा पानांतले सुरवंट सावकाश वेचतो.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, हा त्याच्या विणीचा काळ.

अभयारण्यातल्या कुठल्या वाटा उघड्या आहेत ते वनखात्याकडे आदल्या दिवशी विचारावं. पावसात धबधब्यांच्या वाटा बंद असू शकतात. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, वर मिठाची पुरचुंडी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, तेव्हा मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून आरोग्यकेंद्राला कळवावं आणि घरी आल्यावर काखा, कंबर, कानामागे गोचीड शोधावी.