इच्छा नुसती धरू नका, नीट मांडा

व्हिजन बोर्ड (हव्या त्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला फलक) लावा, युनिव्हर्सला सांगा, सगळं आपोआप येईल असं रील्सवर रोज कोणीतरी सांगतं, पण बोर्ड बघून काही होत नाही हो. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात तर उलटंच दिसलं, नुसती गोड स्वप्नं रंगवणारे मेहनत कमी घेतात.

मग करायचं काय? पूजेतला संकल्प आठवा, गुरुजी देश, काळ, गोत्र, नाव, कशासाठी, सगळं वदवून घेतात ना, तसंच लिहायचं. "पैसा यावा" नको, "गुढीपाडव्यापासून महिन्याला ५,०००, दिवाळीपर्यंत ३५,००० बाजूला" असं.

मग आडवं काय येतं ते लिहा आणि इथे खरं लिहा, कारण बरेचदा आडवे आपणच येतो, रात्री अकराला अंथरुणात पडून सेल बघत बसतो वगैरे. त्याच्यापुढे जर-तरचं वाक्य जोडा: "जर सेलचं नोटिफिकेशन आलं, तर वस्तू कार्टमध्ये टाकून दोन दिवस थांबेन." ही जर-तरची पद्धत पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडली, दिसते अगदी साधी पण ऐनवेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं, मनाशी वाद घालत बसावं लागत नाही.

एकावेळी संकल्प एकच. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, स्टेटसला नको (लोक आधीच अभिनंदन करून मोकळे होतात). रविवारी चहा पिताना एकदा बघा, जमत नसेल तर रक्कम कमी करा, तारीख मात्र हलवू नका.